कागद शे का? (कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानाविषयी)

स्टार द्यायचेच तर चार. पाचवा कुठे कापला ते पुढे येईल.

बोरीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची सात-आठ दुकानं आहेत. सगळ्यांवर एकच मजकूर: झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅन कार्ड. मी सांगतोय ते दुकान निंबाच्या झाडाला टेकलेलं आहे. बोर्डावरचा 'झे' केव्हाच उडालाय, त्यामुळे नवीन माणूस 'रॉक्स' असं वाचून बुचकळ्यात पडतो. आत एक मशीन, एक कॉम्प्युटर, दोन स्टूल आणि आप्पा. आप्पांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि गावात आप्पा म्हटलं की कळतं.

मी तिथे गेलो ते कपाशीमुळे. लपवत नाही, जून २०२४ मध्ये मी बिनबिलाचं बियाणं घेतलं. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी; या बियाण्यात तणनाशक सहन करायचं जनुकही असतं, आणि त्याला परवानगी नाही. आमच्याकडे कोणी त्याला एचटीबीटी म्हणतं, कोणी तणनाशकाची बीटी, कोणी सरळ चोर बीटी. सरकारी दराचं पाकीट त्या वर्षी ८६४ रुपयांना होतं, हे १४०० ला. तीन पाकिटं, दीड एकराला. विकणारा मोटरसायकलवर आला, डिकीतून पाकिटं काढली, पैसे मोजले आणि चहाही न घेता गेला. खान्देशात चहा न घेता जाणारा माणूस दिसला की तिथेच सावध व्हायला पाहिजे होतं.

बोली अशी होती की वरून ग्लायफोसेट मारलं तरी कपाशीला काही होत नाही, फक्त तण जळतं. निंदणीचा खर्च वाचणार. मी पंचविसाव्या दिवशी फवारलं. आठव्या दिवशी सकाळी बांधावर उभा राहिलो तर ओळी फणीचे दात मोडल्यासारख्या दिसत होत्या. दोन झाडं हिरवी, एक पिवळं, एक हिरवं, दोन पिवळी. पिवळ्या झाडाचा शेंडा हातात घेतला तर कोवळी पानं अरुंद, दोरीसारखी पिळलेली. पाकिटात भेसळ होती. मोटरसायकलवाल्याचा फोन बंद.

मी घरी चार पानी तक्रार लिहिली, मा. कृषिमंत्री यांना, 'शेतकऱ्यांची राजरोस लूट' पासून सुरुवात करून, आणि टाइप करून घ्यायला आप्पांकडे गेलो. त्यांनी चारही पानं वाचली. हे आधी सांगतो, कारण बाकीचे टाइपवाले वाचत नाहीत, बडवतात. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बठ. चहा ले. कागद शे का?" (आप्पा अहिराणीत बोलतात, 'शे' म्हणजे आहे.)

"कसला कागद?"

"बिल."

"नाही."

"पाकीट?"

पाकीट होतं. त्यांनी ते उजेडात धरून भिंग घेऊन बघितलं. पुढे हिरवंगार शेत आणि वाघाचं चित्र. मागे इंग्रजीत चार ओळी. उत्पादकाचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही, तपासणीची तारीख नाही, वैधता नाही, परवाना क्रमांक नाही.

"तक्रार कोणवर करशी? वाघवर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कोणत्याही दुकानात, कोणत्याही ग्रुपवर कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं बियाण्याचं बिल द्यायलाच पाहिजे, बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे. बिल आणि टॅग असला तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगून ठेवलंय, त्या खटल्यात बियाणं देणाऱ्या राष्ट्रीय बीज निगमाचं म्हणणं होतं की तो ग्राहक नाही. पण हे सगळं बिल असलेल्यासाठी. "तुन्हाकडे काय शे? वाघ."

माझे ४२०० रुपये गेले. ते परत मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत. हे आधीच सांगतो म्हणजे कोणी त्या आशेनं आप्पांकडे जाऊ नये.

त्याच महिन्यात, २३ जुलैला, आमच्या दोन ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन मेसेज आले. एकात सर्वोच्च न्यायालयाने जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, बियाण्यावर बंदी घातली. दुसऱ्यात सर्वोच्च न्यायालयाने जीएम बियाण्याला मोकळं रान दिलं. दोन्हींच्या खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मी दोन्ही आप्पांना दाखवले. ते म्हणाले, "कोणी सांगं? तू देखं का?" आणि निकालाची शेवटची पानं काढून समोर ठेवली. इंग्रजी होतं, ते ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेले. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती संजय करोल या दोघांचं एकमत झालंच नव्हतं, प्रकरण मोठ्या पीठाकडे जाणार. एका गोष्टीवर मात्र दोघं सहमत: केंद्रानं जीएम पिकांबद्दल राष्ट्रीय धोरण करावं, आणि ते शेतकऱ्यांसकट सगळ्यांना विचारून.

"आता यात कपाशी कुठे आहे दाखव," आप्पा म्हणाले.

मी दहा मिनिटं शोधली. कपाशी नव्हतीच. खटला मोहरीचा होता. डीएमएच-११ नावाचं मोहरीचं वाण, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पर्यावरणात सोडायची मंजुरी मिळाली होती, त्यावरचा. आणि आमच्या ग्रुपवर दोनशे कपाशीवाले त्यावरून तीन दिवस भांडत होते.

आप्पांच्या मागे पत्र्याच्या रॅकवर एक बिस्किटांचा मोठा डबा आहे. त्यात त्यांचे 'जीएमचे' कागद. सगळ्यात जुना पिवळा पडलेला कागद बीटी वांग्याचा आहे. २००९ च्या ऑक्टोबरात जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला, मग २०१० च्या सुरुवातीला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांना विचारलं. आपल्या राज्यात ती सुनावणी नागपूरला झाली. आमचा जिल्हा भरिताच्या वांग्याचा, पुढे त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आप्पांनी तेव्हा भाजीपाला लावणाऱ्या कोणाकोणाची निवेदनं टाइप करून दिली होती, त्यातल्या एकाची कार्बन प्रत डब्यात आहे. ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती आली, ती आजही आहे. त्याच वर्षी समितीच्या नावातलं 'अप्रूव्हल' जाऊन 'अप्रेझल' आलं. म्हणजे मान्यता देणारी समिती मूल्यमापन करणारी झाली. आप्पा हे दर गिऱ्हाइकाला सांगतात, आणि दर वेळी स्वतःच हसतात.

डब्यातले कागद विकत नाहीत. झेरॉक्स काढून देतात, दोन रुपये पान. माझ्या उपयोगाचे तीन निघाले. एक मार्च २००२ चा, देशात बीटी कपाशीला पहिली परवानगी मिळाली तेव्हाचा. दुसऱ्यात २००६ च्या दोन जनुकांच्या बीटीची माहिती. तिसरा २०१६ चा, त्यातून कळलं की तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा परवानगीचा अर्ज कंपनीनंच मागे घेतला होता. म्हणजे ज्या बियाण्याला 'सरकार मुद्दाम अडवतंय' असं मी पारावर सांगत होतो, त्याच्या परवानगीचा अर्ज २०१६ मध्ये कंपनीनंच काढून घेतलेला होता. आणि ग्लायफोसेट? ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच मारायचं ठरलं होतं. मी तर पाठीवर पंप अडकवून, बनियनवर.

आता पट्टीची गोष्ट. माझा एक मित्र कृषी पदवीधर आहे, बियाण्यांच्या धंद्यातच फिरतो. त्यानं तपासणीच्या पट्ट्या आणल्या आणि आप्पांच्या काउंटरवर, स्टेपलर आणि गोंदाच्या बाटलीच्या मधे, आमची प्रयोगशाळा झाली. न फवारलेल्या कडेच्या ओळीतली पाच पानं मी ओल्या फडक्यात नेली होती. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत घालायचा, काडीनं कुटायचा, द्रावणाचे थेंब टाकायचे. हिरवं पाणी होतं. त्यात कागदाची पट्टी उभी करायची. पाणी पट्टीवरून हळूहळू वर चढतं. एक रेघ उमटली तर पट्टी चालू आहे एवढंच कळतं, दोन उमटल्या तर शोधत होतो ते प्रथिन पानात आहे. बीटीच्या पट्टीत पाचही पानांवर दोन रेघा आल्या. मी खूश. मित्र म्हणाला, ही पट्टी फक्त बोंडअळीचं प्रथिन दाखवते, तणनाशकाचं वेगळं असतं, त्याची पट्टी वेगळी. ती लावली. तीन पानांवर दोन रेघा, दोन पानांवर एकच. फणीचे मोडलेले दात मला काउंटरवर दिसले.

मी लगेच म्हणालो, "आप्पा, लिहा, चाळीस टक्के भेसळ!" त्यांनी लिहिलं नाही. पाच पानं म्हणजे वावर नव्हे, म्हणाले. तुझ्या डोळ्यासमोर पाच पानांतल्या दोनांवर एक रेघ आली एवढंच तुला माहीत. तेवढंच सांग.

याच बाबतीत दुकान नंबर एक आहे. माणूस जेवढं माहीत आहे तेवढंच लिहितो. त्रास होतो, पण अर्ज टिकतो.

माझी तक्रार होऊ शकत नव्हती, पण विचारणा होऊ शकत होती. माहिती अधिकारात अर्ज करताना कारण सांगावं लागत नाही, कलम ६(२). दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा. माझ्या चार पानांचे दीडशे शब्द करणं ही खरी कारागिरी. आप्पा पेन्सिलीनं प्रत्येक शब्दावर ठिपका देत मोजतात. 'राजरोस' गेला. 'लूट' गेली. 'आमचे बापजादे' तर पहिल्याच फेरीत गेले. मी 'अन्नदाता' साठी भांडलो. आप्पा म्हणाले, त्या शब्दाच्या जागी तारखा बसतात. शेवटी उरलं ते असं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत तालुक्यात कापूस बियाण्याचे किती नमुने घेतले, कुठून घेतले, त्यांतले किती तणनाशक सहनशील जनुकासाठी तपासले, अहवालांच्या प्रती. एकशे बेचाळीस शब्द. वाचताना माझा मलाच आदर वाटला.

टाइपिंगचे पन्नास, स्टॅम्पचे दहा, रजिस्टर एडीचे वेगळे. पोचपावती जपून ठेवायला त्यांनी मला प्लास्टिकची पिशवी दिली, तिचे दोन रुपये घेतले.

कायद्यानं तीस दिवस. आधी एक पत्र आलं की अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे. मी चिडलो, आप्पांनी ते फाइलला लावलं. कलम ६(३), म्हणाले, चुकीच्या दारात गेलेला अर्ज बरोबर दारात पोचवणं त्यांच्यावर आहे, तुला नव्यानं स्टॅम्प लागत नाही. मग तक्ता आला. सगळे रकाने भरलेले, शेवटचा, तणनाशक सहनशीलतेचा, कोरा. शून्य नाही, 'निरंक' नाही, कोरा. पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला मी एकटाच गेलो, आप्पा येत नाहीत कुठे. तिथले साहेब सभ्य होते. अहवालांच्या प्रती दोन रुपये पानाप्रमाणे द्याव्यात असा आदेश दिला. सरकारचा आणि आप्पांचा दर एकच आहे हे तेव्हा लक्षात आलं.

प्रती वाचल्या. सगळे नमुने परवानाधारक दुकानांतले. उगवण, शुद्धता, बीटीचं प्रथिन, सगळं रीतसर. पण जे बियाणं दुकानात ठेवतच नाहीत त्याचा नमुना दुकानातून कसा येणार? मोटरसायकलच्या डिकीचा नमुना कोणी घेत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला तीन महिने, दोन स्टॅम्प आणि एक पिशवी लागली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरावही आप्पांनीच टाइप केला. मला त्यात 'चोर बीटी हटाव' हवं होतं. त्यांनी दोन ओळी दिल्या: हंगामाआधी कृषी विभागाने गावात येऊन बियाण्याच्या पाकिटावरची माहिती कशी वाचायची ते दाखवावे, आणि बिनबिली बियाणे विकणारा आल्यास कळवायचे ठिकाण गावाला लेखी द्यावे. ठराव म्हणजे मागणी असते, आरोळी नव्हे, हे त्यांचं वाक्य. ठराव एकमतानं झाला, कारण त्यात भांडण्यासारखं काही नव्हतंच. मे २०२५ मध्ये खरंच एक अधिकारी आले. मारुतीच्या पारावर तीसेक माणसं, ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. त्यांनी टॅग, लॉट नंबर, वैधता दाखवली. बिगरबीटीचं बी आता पाकिटातच मिसळलेलं असतं, ते का असतं तेही सांगितलं: काही बोंडअळ्या साध्या झाडांवर जगल्या तर बीटीला न दाद देणाऱ्या अळीची पैदास लांबते. पूर्वी ती १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. आमच्यातल्या निम्म्यांनी ती बांधावर फेकलेली, मीही. मग २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं किडवली तेव्हा आम्ही शिव्या सगळ्यांना दिल्या, पुडी कोणाला आठवली नाही. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) वेचायच्या, फरदड (वेचणी संपल्यावर पुन्हा राखलेलं पीक) ठेवायची नाही, हेही ते बोलले.

शेवटी मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "सायेब, ते बठ्ठं खरं. पन निंदणीले बाया कोठून आनू?" अधिकाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ज्यानं बिनबिलाचं घेतलं त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पावसाची झड लागते, तण गुडघ्याला येतं, मजूर मिळत नाही, तेव्हा वाघाचं चित्रही बरं दिसतं.

त्याच मे महिन्यात 'सरकारने जीएम तांदूळ आणला' असा मेसेज फिरला. या वेळी मी आप्पांकडे न जाता आधी स्वतः शोधलं. जनुक-संपादित वाणं होती ती, कमला आणि पुसा डीएसटी राइस १. तांदळाच्याच जनुकात फेरफार, बाहेरच्या जीवाचं जनुक घातलेलं नाही, आणि अशा वाणांना २०२२ पासून नियमांत काही सूट आहे. सूट असावी की नसावी यावर वाद आहेच, पण मेसेज चूक होता. कागद काढून आप्पांना दाखवला. त्यांनी तारीख बघितली, सही कुणाची बघितली, आणि डब्यात ठेवला. झेरॉक्सचे पैसे माझ्याकडून घेतले.

आता तो कापलेला स्टार. प्रिंटर काळा धूर ओकल्यासारखा छापतो, डाव्या कडेला पट्टा येतो. जुन्या फॉन्टमधून नव्यात गेलं की 'र्‍या'चं काहीही होतं. माझ्या अपिलात 'शेतकऱ्यांना' तीन वेगवेगळ्या प्रकारे छापलं गेलं होतं, साहेबांनीही विचारलं. मोबाइलवरून पैसे घेतात, पण पन्नासच्या खाली नाही. स्टेपलर गिऱ्हाईक पळवतं म्हणून दोरीनं बांधलाय आणि दोरी काउंटरच्या टोकापर्यंत पोचत नाही. आणि स्वतःचं मत देत नाहीत. जीएम चांगलं की वाईट, वर्षभर विचारतोय, "कागद वाच" याच्यापलीकडे गेले नाहीत. काहींना हे आवडेल, मला चीड येते.

आणखी एक. २०२५ च्या हंगामात त्यांच्या गावावरून जाताना रस्त्याला लागून एक वावर दिसलं. कपाशी गुडघ्याएवढी, मधल्या पट्ट्यातलं तण जळून तांबूस, कपाशी टवटवीत. ओळख लगेच पटली. कोणाचं विचारलं तर लोक म्हणाले आप्पांचं. दुकानात गेलो आणि बसण्याआधीच बोललो. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते वावर मन्हा भाऊनं शे. मन्हं नही."

"सातबारा कोणाच्या नावावर?"

हसले. पहिल्यांदाच कागद मी मागितला होता. दाखवला नाही.

मी २०२५ मध्ये ९०१ रुपयांची पाकिटं घेतली, बिलासकट, टॅग कापून पिशवीत ठेवले. निंदणीला आदल्या वर्षीपेक्षा जास्त पैसे गेले, ते खोटं सांगत नाही.

जायचं असेल तर: दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी एक ते तीन बंद, शटर अर्धं खाली असेल तर आप्पा आत झोपलेले आहेत, वाजवू नका. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नाही. सुटे पैसे न्या. स्टॅम्प त्यांच्याकडे नसतो, निंबाच्या पलीकडच्या टपरीवर मिळतो. आणि पाकीट फेकलेलं असेल तर आधी उकिरड्यात शोधा, मग जा.